एका नावाचे दोन उमेदवार

आमच्या आमदार साहेबाचं नाव मोबाईलमध्ये टाकलं का एक पान उघडते. कोणी लिहिलं माहीत नाही, पण सगळं आहे त्याच्यात. गाव कोणतं, शिक्षण किती, पहिल्यांदा अपक्ष उभे राहिले अन् पडले, मग पार्टीचं तिकीट भेटलं, दोनदा निवडून आले, मग एकदा पडले, मग परत आले. खाली प्रत्येक निवडणुकीचा तक्ता आहे. ज्या निवडणुकीत ते पार्टीच्या तिकिटावर पडले, तिचा तक्ता खाली खाली सरकवत गेलं का तेच नाव परत येते. तेच नाव, तेच आडनाव, मधलं बापाचं नाव तेवढं वेगळं, अन् पुढं लिहिलं आहे अपक्ष. वाचणाऱ्याले वाटत असंन का छापायची चूक झाली. चूक नाही. तो माझा बाबा आहे.

साहेब जितक्या मतानं पडले, त्याच्यापेक्षा जास्त मतं माझ्या बाबाले पडली. बस, एवढंच लोकाले माहीत आहे. बाकीचं मी सांगते. भरभर सांगते, मधात थांबली तं रडू येईन मले.

आमचं गाव मुकुटबनच्या पुढं, आतमध्ये. साहेब अन् बाबा एकाच गावचे, एकाच वर्गातले, अन् नाव पण एकच. शाळेत गुरुजी हजेरी घेत तं दोघंही एकदम "हजर" म्हणत अन् दोघंही मार खात. मग गावानं वाटणी करून टाकली. साहेब उंच, म्हून ते लंबा. बाबा ठेंगणा. आमची आजी मरेपर्यंत आमदाराले लंबाच म्हणे. लाल दिव्याची गाडी दारात उभी अन् आजी आतून ओरडे, "लंबा आला का रे? जेवून आला का तसाच आला?" साहेब पोलीस बाहेर ठेवून चुलीपाशी येऊन बसत.

चारचौघात बाबा त्याहिले साहेब म्हणत. घरात अबे-तुबे. मी लहानपणी समजे का साहेब हे वेगळे अन् लंबा काका हे वेगळे.

आता डमी अर्ज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. मोठा उमेदवार अर्ज भरते, पण छाननीत एखादा कागद कमी निघाला अन् अर्ज उडाला तर? म्हून भरोशाच्या माणसाचा अजून एक अर्ज भरून ठेवतात. मोठ्याचा अर्ज पास झाला का डमीनं आपला अर्ज मागं घ्यायचा. साहेबाचा डमी दरवेळी माझा बाबा. अपक्ष म्हून भरे अन् मागं घेई. पार्टीतले लोक म्हणत, साहेब, एका नावाचा माणूस डमीले नको, धोका आहे. साहेब म्हणत, "त्याच्यावर भरोसा नाही ठेवला तं मंग माह्या नावावरच माहा भरोसा नाही." हे वाक्य बाबानं आम्हाले इतक्यांदा सांगितलं होतं का आई ते सुरू झालं का भांडे वाजवे.

अर्ज मागं घ्यायचा दिवस म्हणजे आमच्या घरी सण. साहेब स्वतः गाडी घेऊन येत बाबाले न्यायले. कारण असं होतं का डमीले एकटं सोडायचं नसते. विरोधक पळवून नेतात, दोन दिवस कुठंतरी फार्महाऊसवर लपवून ठेवतात, वेळ निघून गेली का आणून सोडतात. म्हून साहेबाचा हुकूम होता, "मी आल्याशिवाय घरातून हलू नको. कोणी कितीही म्हटलं, माह्या नावानं कोणी आलं, तरी नाही." बाबा नवीन पांढरे कपडे घालून ओट्यावर बसत. साहेब येत. दोघं जिथं अर्ज भरतात त्या एसडीओ ऑफिसात जात, सही करत, अन् वापस येताना मुकुटबनच्या हॉटेलात तर्रीसंगं आलूबोंडे खात. घरी आल्यावर आई विचारे, "काय, संपली का आमदारकी?" बाबा म्हणत, "चार दिवसाचा उमेदवार होतो मी. तुह्या माहेरात कोणी आहे का?"

मागच्याच्या मागची निवडणूक. मी तेव्हा नुकतीच कॉलेजले जायले लागली होती, नवीन स्कूटी होती. साहेबाले तिसऱ्यांदा आमदार व्हायचं होतं, पण पार्टीतलाच एक जण बंड करून उभा राहिला होता. त्याले बसवायच्या मागं सगळे लागले होते. अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी तीन वाजेपर्यंत वेळ.

बाबा सकाळीच तयार होऊन ओट्यावर. साहेबाची गाडी साधारण जेवणाच्या आधी येई. जेवणाची वेळ झाली, नाही आली. आई म्हणाली जेवून घ्या. बाबा म्हणे तो आला का संगंच जेवू. मी साहेबाले फोन लावला, बंद. त्याहिच्या पीएले लावला. तो म्हणे, "साहेब अर्जंट मीटिंगमध्ये आहेत, गाडी निघून राह्यली, बसा म्हणा त्याहिले." मी म्हटलं कोणती गाडी, कोण येऊन राह्यलं? फोन कटला.

मी म्हटलं, "बाबा, चला मी नेते. स्कूटीवर पोहोचू आपण."

"नाही."

"अहो बाबा, वेळ चालला!"

"त्यानं सांगितलं हलू नको. रस्त्यात कोणी अडवलं तं? पोरीले संगं घेऊन जाऊ का मी?"

शेजारचा दादा मोटरसायकल घेऊन आला. बाबा त्याच्यावर पण नाही बसले. उलट त्याच्याकडं असं पाहिलं का जसा तो विरोधकाचा माणूस आहे. दादा बिचारा म्हणे, "काका, तुमच्या शेतात मी रोज येतो ना, मी तुम्हाले पळवून कुठं नेईन, वावरात?" मी हसली तेव्हा. खरंच हसली. आईनं डोळे वटारले.

अर्जावर सूचक म्हून ज्याची सही असते त्याच्याजवळ लिहून दिलं तरी अर्ज मागं घेता येते म्हणे, हे मले आता माहीत आहे. तेव्हा घरात कोणाले माहीत होतं? बाबाले एकच नियम माहीत होता, लंबा येईन अन् नेईन. एवढ्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

तीन वाजून गेले. बाबा ओट्यावरून उठले नाही. मी पाणी नेऊन दिलं, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी साहेब आले. दिवसभर ते त्या बंडखोराच्या घरी बसून होते, त्याच्या पाया पडले, त्याच्या बायकोले बहीण मानलं, शेवटी स्वतःच्या गाडीत बसवून नेलं अन् त्याले अर्ज मागं घ्यायले लावला. परक्याले घेऊन गेले अन् घरच्याले विसरले. पीएले वाटलं ड्रायव्हर गेला, ड्रायव्हरले वाटलं साहेब स्वतः जाणार, दरवेळीसारखे.

साहेब ओट्यापाशी उभे राहिले. म्हणे, "काहून नाही आला रे तू?"

बाबा म्हणे, "तू येणार होता."

मी दारात उभी होती, मी पाहिलं. साहेबाचा चेहरा असा झाला का त्याहिले सगळं समजलं. त्याहिनं बाबाच्या खांद्यावर हात ठेवला अन् गाडीत बसून निघून गेले.

निवडणूक ऑफिसनं बाबाले चिन्ह देऊन टाकलं, कपबशी. मशीनवर साहेबाचं नाव वर, बाबाचं खाली. फोटो होते, पण काळे-पांढरे, नखाएवढे, अन् दोघालेही मिशा.

अन् मग माझ्या बाबानं काय केलं माहीत आहे? स्वतःविरुद्ध प्रचार. खरंच सांगते. गावोगावी फिरले. कोलामाच्या वस्तीवर, पोडावर गेले, बाजारात गेले, लग्नात जेवायले बसलेल्या पंगतीत गेले. हात जोडून म्हणत, "माय, मले मत नको देऊ. वरच्या नावाले दे. मी कपबशी आहे, कपबशीले नको देऊ." मी संगं जायची स्कूटीवर. एका गावात एक म्हातारी होती, तिनं बाबाले बसवलं, चहा दिला, सगळं ऐकलं. अन् निघताना म्हणे, "तुलेच देतो बाप्पा. आजवर एकही उमेदवार माह्या दारात नाही आला. तू आला, अन् मांगून बी नाही राह्यला." बाबा तिच्या पाया पडून म्हणे, "नको माय, नको." ती म्हणे, "पाहा किती नरम आहे."

जितकं फिरलो, तितकी कपबशी लोकाच्या ध्यानात बसली. हे आम्हाले निकालाच्या दिवशी समजलं.

साहेब पडले. अन् दुसऱ्या दिवसापासून एकच शब्द, दगा. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, सगळीकडं. पाकीट घेतलं म्हणे. कोणी म्हणे पुण्यात फ्लॅट घेतला. फ्लॅट! आमच्या घराचं मागचं टिन उडालं होतं ते आम्ही दगड ठेवून दाबलं होतं. प्रचार पण नाटक होता म्हणे, मुद्दाम चिन्ह सांगत फिरला. हे ऐकून तं मले समजेच ना का रडू का हसू.

मग ते चालू झालं, कपबशी. बाबा रस्त्यानं निघाले का पोट्टे मागून ओरडत, "ए कपबशी!" हॉटेलवाला, ज्याच्याकडं हे दोघं आलूबोंडे खात होते, तो सगळ्यादेखत म्हणे, "तुले कपात देऊ का बशीत?" लोक हसले. बाबा म्हणे, "कायच्यातही दे." अन् चहा पिऊन आले. मी म्हटलं, "बाबा, सांगत काहून नाही तुम्ही? का तुम्ही दिवसभर बसून होते, अन् तेच विसरले?"

बाबा म्हणे, "तो पडला आहे. पडलेल्या माणसाच्या अंगावर कायले दगड टाकू?"

"अन् तुम्ही?"

"मी कुठं उभा होतो जो पडीन?"

साहेब आमच्या घरी येईनासे झाले. दिवाळीले नाही, पोळ्याले नाही. आजी वारली तेव्हा हार आला, पीए घेऊन आला.

मग मीच गेली एक दिवस. घरी न सांगता. साहेब पेपर वाचत बसले होते, बनियनवर, एकदम लंबा काकासारखे. मले पाहून खूश झाले, "अरे, ठेंगण्याची पोरगी! काय शिकून राह्यली?" काकूनं पोहे दिले. मी ते हातात धरूनच बोलली.

"काका, एकदा लोकाले सांगून द्या ना."

"काय सांगू बेटा?"

"का गाडी नाही आली. का तुम्ही विसरले. एवढंच."

काकू आत निघून गेली. साहेबानं पेपरची घडी घातली.

"पोरी, मी पार्टीत वरती काय सांगितलं माहीत आहे? का माह्यासंगं दगा झाला. दगा झालेल्याले परत तिकीट देतात. विसरलेल्याले नाही देत. आपला माणूस सांभाळता नाही आला, हा मतदारसंघ काय सांभाळीन, असं म्हणतात."

"मंग बाबा?"

"त्याले माहीत आहे खरं काय ते. मलेही माहीत आहे. आमच्या दोघात काही नाही, तू कायले जिवाले लावून घेतं?"

"दोघात नाही काका, गावात आहे. चहा पिता येत नाही त्याहिले."

डोळे भरले होते त्याहिचे, हे पण सांगते, खोटं नाही सांगणार. मग म्हणे, "तिकीट होऊ दे. अर्ज भरला का पहिली सभा आपल्या गावात. तुह्या बाबाले बाजूले बसवतो अन् स्वतःच्या तोंडानं सांगतो. शब्द आहे."

मी स्कूटी अशी पळवली घरापर्यंत! बाबाले सांगितलं. आधी ते रागावले, कायले गेलती म्हणे. मग थोड्या वेळानं गोठ्यातून आले अन् विचारलं, "बाजूले बसवतो म्हणे?"

"हो बाबा."

"असंच म्हणे? बाजूले?"

त्याच्यानंतर कोणी कपबशी म्हटलं तरी बाबाच्या चेहऱ्यावर काही दिसे ना. त्याहिले वाटे, आता काय, सभेपर्यंतचीच गोष्ट आहे. आईले म्हणत, "एकदा तो बोलला का हेच लोक चहा पाजतीन." आई भाकर थापत राहे.

तिकीट भेटलं. डमी अर्ज साहेबाच्या पुतण्यानं भरला. बाबा म्हणे, बरंच आहे, पोरगा हुशार आहे. अन् पहिली सभा खरंच आमच्या गावात लागली, ग्रामपंचायतीसमोर. बाबानं दाढी करून घेतली. पुढं जाऊन सतरंजीवर बसले, स्टेजच्या जवळ, बोलावलं तं लवकर चढता यावं म्हून. मी बायांच्या बाजूनं, पण त्याहिच्या जवळच.

हार झाले, नारळ झाला, बाकीच्याचे भाषणं झाले. बाबाले कोणी वर बोलावलं नाही. मग साहेब उभे राहिले. त्याहिनं बाबाकडं पाहिलं. नक्की पाहिलं. मी ओढणी तोंडात धरली होती.

साहेब म्हणे, "मायबापहो, मागच्या वेळी मले विरोधकानं नाही पाडलं. विरोधकात तेवढा दम नव्हता. मले माह्याच नावानं पाडलं!"

काय हशा पिकला. टाळ्या, शिट्ट्या. मागून पोट्टे ओरडले, "कपबशी! कपबशी!" साहेबानं हात वर केला, मले वाटलं आता चूप करतीन अन् सांगतीन. ते हसत होते. लोक चूप झाले तसे म्हणे, "पण माह्या मनात काही नाही. मी माफ केलं. आपल्याच गावचं लेकरू आहे, मी त्याले माफ केलं."

पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. बाया म्हणत होत्या, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. मी उठली. मी ओरडणारच होती, शप्पथ, तोंडात शब्द आले होते. बाबानं सतरंजीवरूनच माझा हात धरला अन् खाली ओढलं.

"बस. तो बोलून राह्यला."

"बाबा, खोटं बोलून राह्यले ते!"

"बस म्हटलं ना."

मी बसली. अन् बाजूले पाहिलं तं बाबा टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते, तसेच. माझा हात सोडून, दोन्ही हातानं.

घरी येताना रस्त्यात एकदाच बोलले. "माफ केलं म्हणे." मी विचारलं, कायचं? ते पुढं चालत राहिले. रात्री जेवताना आईनं भाकर टाकली ताटात, ती तोडली नाही. आईनं ताट उचलून नेलं.

मतदानाच्या दिवशी बाबानं साहेबालेच मत दिलं. मी विचारलं नाही, पण मले माहीत आहे. साहेब निवडून आले, चांगल्या मतानं. मिरवणूक आमच्या घरावरून गेली, डीजे वाजत होता, गुलालानं सगळा रस्ता गुलाबी. साहेब उघड्या गाडीत उभे होते. आमच्या दाराशी गाडी थोडी हळू झाली असं मले वाटलं. आई म्हणते नाही झाली. बाबा वावरात गेलते.

मी त्या पानावर जाऊन दोनदा लिहून पाहिलं, का तो अर्ज काहून मागं घेतला गेला नाही. कोणीतरी काढून टाकलं. म्हणे पुरावा पाहिजे. आता पुरावा कुठून आणू? ओट्यावर बसलेल्या माणसाचा कोणी फोटो काढते का?

यावर्षी भाड्याच्या गाडीत कापूस घेऊन आम्ही मुकुटबनले गेलतो, मी अन् बाबा. जिनिंगच्या गेटवर गाड्याची रांग होती. काट्यावर एक नवीन पोरगा बसला होता, बाहेरगावचा, त्याले आमच्याकडचं काही माहीत नाही. आधी कसं होतं, बाबाले कोणी नाव विचारलं का बाबा पूर्ण नाव सांगत, बापाच्या नावासगट, अन् वरून म्हणत, "आमदारवालं नाव." समोरचा चमके, तेव्हा बाबाले काय मजा येई.

पोरानं काचेतून विचारलं, "काका, नाव?"

बाबानं काचेतून त्याच्या वहीकडं पाहिलं.

"नाव सांगा काका, मागं गाड्या आहे."

बाबानं माझं नाव सांगितलं.

पोरगा हसला. "हे तं पोरीचं नाव झालं. तुमचं सांगा ना."

"तिचंच लिही," बाबा म्हणे. "कापूस तिचाच आहे."

मी बाजूलेच उभी होती. पोरानं माझं नाव लिहून घेतलं अन् चिठ्ठी बाहेर दिली. बाबानं ती माझ्या हातात दिली अन् मागं पाहून ड्रायव्हरले म्हटलं, "घे, गाडी पुढं घे."